माशी

विशूबाब,
तुम्ही गेलात ते श्रावणात.
घरात महिनाभर चुलीवर मासळी चढली नव्हती.
चोडणची माणसं म्हणाली, बरं झालं,
माशांनाही सुतक पाळता आलं.
तुम्हाला आवडलं असतं हे.
फक्त त्यातला 'ही' तुम्ही खोडला असतात.

मी तेव्हा म्हापशाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची.
तुमच्या लेखात जिथे जिथे 'माशी' आली
तिथे तिथे मी 'मासा' केला,
तेरा ठिकाणी, लाल शाईने, मोठ्या खात्रीने.
दुसऱ्या दिवशी पोंबुर्फ्याची फेरी धरून
तुम्ही आलात, निथळती छत्री दाराशी उभी केलीत,
खिशातून आगपेटी काढलीत.
आत काडी एकही नाही.
एक गळ, गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस,
लाल रेशमाने घट्ट आवळलेलं.
"ही माशी. हिला भुलून येतो तो मासा.
अंतर थोडकं आहे, बाये,
पण आमचा सगळा धंदा त्या अंतरातच चालतो."

मग कित्येक पहाटे मानशीवर.
खाजनातून नदीत उतरणारं पाणी,
तिवरांच्या मुळांशी चिखलाचे बुडबुडे,
पावाची सायकल बांधावरून भोंगा वाजवत जायची.
तुम्ही शिकवत होता दोरा सोडायला.
(फेकायला नव्हे. फेकतात ते जाळं.)
"मागे गेलेला दोरा मागेच सरळ होऊ दे.
स्वल्पविरामाइतकी थांबलीस.
पूर्णविरामाइतकी थांब."
माझी वाक्यं तेव्हापासून आखूड झाली.
मासे मात्र यायचे तेव्हाच आले.

गळाचा उलटा काटा तुम्ही कानशीने घासून टाकायचात.
आलेला मासा पाण्यातच मोकळा करायचात,
ओल्या हाताने, तोंड प्रवाहाकडे धरून,
तो स्वतःहून निघेपर्यंत.
शेजारची इस्पेरांस कुंपणावरून ओरडायची,
"धरून सोडपाक कित्याक वता, पोस्तमास्तर?"
आणि पिसांचे दहा रुपये आधी मोजून घ्यायची.
तुमच्या खांद्याला हात लावायला तिचे दोन्ही मुलगे आले होते.
ती आली नाही.
तिच्या कोंबड्याच्या मानेवर यंदा
सगळी पिसं शाबूत आहेत.

पुस्तकात तुम्ही लिहिलंत:
तिसऱ्या मानशीखाली, अमावास्येच्या सुकतीला,
साडेसात किलोचा चोणक.
तिसऱ्या मानशीखाली खेकड्यांशिवाय कधी काही नव्हतं.
मी मुद्रितावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं होतं.
तुम्ही समासात उत्तर दिलंत,
त्या बारीक, पोस्टाच्या हिशेबाच्या अक्षरात:
वेळ खरी. पाण्याचा रंग खरा. मासा खरा.
जागा खरी लिहिली
तर पुढच्या रविवारी तिथे फक्त माणसं सापडतील.
तो कागद माझ्याकडे आहे.
जागाही आहे.

परवा एक मुलगा आला, फोंड्याचा,
एकोणीस-वीस वर्षांचा.
पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर,
पानोपानी खुणा.
म्हणाला, ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं.
मग नुसताच उभा राहिला,
आणि मला काय बोलावं कळेना,
म्हणून मी छत्रीच्या खुंटीवरची काठी काढली.

मी त्याला तिसऱ्या मानशीवर नेलं.
होय, विशूबाब. तिसऱ्याच.
आगपेटीतली शेवटची माशी बांधून दिली,
तीत एक गाठ माझी आहे,
तुमच्या हाताला कंप सुटला होता तेव्हाची.
पोराचा हात घाईचा.
दोरा दोनदा तिवरात अडकला, एकदा माझ्या पदरात.

"किती थांबू?" त्याने विचारलं.
मी सांगितलं.
पाणी उतरत होतं,
खेकडे भोकांच्या तोंडाशी येऊन आमच्याकडे बघत होते,
आणि दोरा
आमच्या पाठीमागे, हवेत,
अजून सरळ होत होता